जिन्याखालचे बूट

सपाता दाराशी काढून पद्माताई सुनेच्या स्टडीत शिरल्या.

“अहो आई, पाय गारठतील. ते जुनं घर स्क्रीनमध्ये आहे, इथे आपल्या क्लेटनमध्ये नाही,” निहारिका हसली.

“असू दे गं. चारशे वर्षांच्या घरात चपला घालून कोण जातं?”

फ्रान्समधल्या तटबंदीच्या एका जुन्या शहरातलं ते संरक्षित घर. साथीच्या आधी कुणीतरी लेझरने मोजून ठेवलेलं. आता लॉकडाउनमध्ये निहारिका इथे बसून ते स्कॅन साफ करत होती. मूळ घराचं नाही ते पुसायचं, माणसं, खुर्च्या, कुंड्या, सगळं. तिने माउस फिरवला आणि गोल दगडी जिना वर वर उलगडत गेला. मधला खांब पिळदार, आणि प्रत्येक पायरी त्याच्याच अंगातून निघालेली.

“अगं बाई! माणसांच्या हातचं आहे हे?” पद्माताईंचे डोळे भरून आले. पुण्याला परतायचं विमान तिसऱ्यांदा रद्द झाल्यापासून त्या कशानेच अशा हरखल्या नव्हत्या.

पहिल्या पायरीशी जुन्या बुटांचा जोड होता. निहारिकाने त्याभोवती चौकट ओढली.

“ते नको पुसूस. पायताण खाली आहे म्हणजे वर माणूस आहे.”

“आई, तिकडे लोक घरातही बूट घालूनच वावरतात.”

“मग यानं का काढलेत?”

निहारिकाने बूट मोठे करून पाहिले. पद्माताई पुटपुटल्या, “काल हे फोनवर म्हणाले, तुझ्या चपला दारात धूळ खात होत्या, माळ्यावर टाकल्या. इथे अडकले म्हणून मी काय त्या घरातली नाही?”

निहारिकाने बूट राहू दिले.

पुढच्या आठवड्यात घराची मालकीण क्लेर व्हिडिओ कॉलवर आली. जिना दिसताच तिने बुटांकडे बोट दाखवलं. बूट तिच्या वडिलांचे होते. ते वरच्या मजल्यावर राहायचे. पायऱ्या झिजू नयेत म्हणून जन्मभर बूट खाली काढून मोज्यांवर जिना चढले. एप्रिलमध्ये साथीत हॉस्पिटलातच वारले. शेवटी कुणालाच भेटू दिलं नाही. बूट अजून तिथेच आहेत, तिला उचलवत नाहीत.

“स्कॅनमध्ये राहू द्याल?” तिने विचारलं.

“राहतील,” निहारिका म्हणाली, आणि मागे उभ्या असलेल्या सासूला सगळं मराठीत सांगितलं.

 पद्माताईंनी पुण्याला नवऱ्याला फोन लावला.

“अहो, जेवलात? बरं. स्टूल घ्या, सांभाळून चढा, आणि माळ्यावरच्या माझ्या चपला काढून दारात ठेवा. हो, आत्ताच. मी थांबते.”