स्क्रीदेलियाची उतरण

गुद्वेग फियोर्डकाठच्या शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून जुने शब्द टिपून ओस्लोच्या कोशवाल्यांना पाठवायची. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी ती नव्वदीच्या सिनव्हे आजीकडे बसली होती. आठ दिवस बर्फ पडून सकाळपासून अचानक उबदार वारा सुटला होता.

"वर काहीतरी स्क्रीदे करतंय," आजी खिडकीकडे कान देत म्हणाली.

"कोण चालतंय, आजी?" स्क्रीदे म्हणजे डौलात, दमदार चालणं. पुस्तकात तसंच होतं.

"ते पाद्र्यांच्या पुस्तकातलं झालं. आमच्यात साप स्क्रीदे करायचा. आणि बर्फ. पोटावर सरपटत येणं, हा मूळचा अर्थ. डोंगरावरून बर्फ सुटतो त्याला स्क्रेद म्हणतेस ना? तो शब्द कुठून आला वाटलं तुला?"

गुद्वेगची पेन्सिल थांबली. तिच्या चुलतभावानं, आस्गाउतनं, गेल्याच वर्षी ज्या उतरणीवर घर बांधलं तिचं नाव होतं स्क्रीदेलिया. पूर्वी तिथून एक वरात डौलात गेली म्हणून ते नाव पडलं, असं सगळे सांगायचे.

ती तशीच स्की बांधून निघाली.

आस्गाउत अंगणात लाकडं फोडत होता. तिचं ऐकून हसला. "मास्तरीणबाई, एका क्रियापदापायी घर सोडू?"

"नाव ठेवणाऱ्यांनी काहीतरी पाहिलं असेल."

"माझ्या बापानं तर कधी काही पाहिलं नाही."

"तो इथं राहत नव्हता. इथं कुणीच राहत नव्हतं. का, ते विचारलंस कधी?"

त्याच्या बायकोनं, ओद्रूननं, तान्ह्या मुलीला शालीत गुंडाळलं. "मी गुद्वेगबरोबर खाली जाते. तूही चल."

"मेंढ्यांचं कोण बघणार? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरावरचा बर्फ सुटला. मेंढवाडा गेला, बारा मेंढ्या गेल्या. गावकरी बर्फात लांब काठ्या खुपसत राहिले. संध्याकाळी आस्गाउत गवताच्या भाऱ्यांखाली सापडला. पाय मोडला होता, पण श्वास चालू होता. खालून धावत आलेली ओद्रून त्याचे गाल चोळत राहिली.

"घर तरी वाचलं," कुणीतरी म्हणालं.

आस्गाउतनं मान हलवली. "बर्फ अर्धाच आलाय. आत पडल्या पडल्या ऐकत होतो. वरचा अजून सरपटतोय."

सगळ्यांचे हात थांबले. गुद्वेगनं वर पाहिलं. धुक्यात काही दिसत नव्हतं. त्यांनी त्याला घसरगाडीवर घातलं आणि घराचं दार उघडंच टाकून सगळे खाली निघाले.