पहिल्या फेरीचा ग्लास

लिफ्ट बसवणाऱ्यांमध्ये एक रिवाज आहे. लिफ्ट तपासणीत पास झाली, हत्यारं पेटीत गेली, हात धुऊन झाले, की ज्याने दोर बांधले त्याने पहिला ग्लास उचलायचा आणि सगळ्यांसमोर रिकामा करायचा. बाकीच्यांनी त्यानंतर. निदान उघडपणे तरी त्यानंतर. हा रिवाज कुणी सुरू केला ते माहीत नाही. ज्याने केला त्याला तहान लागली होती एवढं नक्की. अर्थ मात्र सगळ्यांना पाठ आहे : दोर बांधणारा निर्धास्त आहे, तेव्हा तुम्हीही निर्धास्त बसा.

मिस्त्री गेली सव्वीस वर्षं दोर बांधत होते आणि सव्वीस वर्षं निर्धास्त होते. ते दारुडे मुळीच नव्हते. त्यांना फक्त ‘नको’ म्हणता येत नसे. लिफ्ट पास झाली की बसायचं, नापास झाली की जास्त वेळ बसायचं. कुणाची बदली झाली म्हणून, कुणाची रद्द झाली म्हणून. गुरुवारी बसायचं कारण शनिवार अजून लांब असतो, आणि शनिवारी बसायचं कारण तो एकदाचा आला.

मग कंपनीची वार्षिक तपासणी आली. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे त्या उभ्या काळ्या विहिरीत, उतरणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांचं कार्ड लागतं. रक्तदाब मोजायचा आणि मग दहा किलोची पिशवी खांद्याला लावून तीन मजले उभी शिडी चढायची. मिस्त्री अर्ध्या शिडीवर थांबले आणि भिंत बघू लागले.

“काय बघताय?” खालून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“प्लास्टर... चांगलं... केलंय,” मिस्त्री म्हणाले. एवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले.

खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आकडे सांगितले. वरचा एकशे अठ्ठावन्न, खालचा शंभर.

“दारू घेता?”

“चारचौघांत घेतो तेवढीच.”

“चारचौघांत किती?”

“चौघांना पुरेल एवढी,” मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं, रोज घाम गाळायला सांगितला आणि दारू आठवड्यातून एकदा, एकच, जेवताना. “तपासणीच्या आधीच्या आठवड्यात थेंबही नाही. दहा आठवडे देते. वरचा एकशेचाळीसच्या आत, खालचा नव्वदच्या आत, आणि शिडी न थांबता. नाही जमलं तर शाफ्ट बंद. ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्या.”

मिस्त्रींना घाम फुटला. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं त्यांना जमत होतं. त्यांचं ऐकून घेणं या जन्मी जमणार नव्हतं.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिने त्याच दिवशी रक्तदाबाचं यंत्र घरी आणलं आणि मिस्त्रींचं रोजचं आयुष्य दोन आकड्यांवर आणून ठेवलं.

“अहो, हात सैल सोडा.”

“सैलच आहे.”

“हा सैल? बोटं बघा. अजून ग्लास धरल्यासारखी आहेत.”

घर पाचव्या मजल्यावर. मिस्त्रींनी घाम गाळायला जिना निवडला. सकाळी तीनदा वर-खाली, संध्याकाळी दोनदा. पहिल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यात सगळी इमारत जिना चढू लागली. लिफ्टचा मिस्त्रीच लिफ्टमध्ये बसत नाही म्हटल्यावर काहीतरी कानावर आलं असणार, असा लोकांनी हिशेब केला. शेवटी बायकोने लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला : ‘लिफ्ट उत्तम आहे. मिस्त्री बिघडले आहेत.’

पोट हळूहळू आत गेलं. चौथ्या आठवड्यात पट्ट्याला एक भोक पुढे पाडावं लागलं. पाचव्या आठवड्यात मिस्त्री चौथा मजला ओलांडताना शीळ वाजवत होते, आणि आजोबांनी खालून ओरडून ती बंद करायला सांगितली.

अवघड होती ती फक्त बैठक. तिथे मिस्त्रींनी एक घोडचूक केली. खरं सांगायची लाज वाटली म्हणून ते पहिल्या गुरुवारी म्हणाले, “आज दात काढलाय. सोडा चालेल.” दात काढलेल्या माणसाला सगळं माफ असतं. मग पुढच्या गुरुवारी दुसरा दात. मग अक्कलदाढ. सातव्या आठवड्यापर्यंत मिस्त्रींच्या तोंडात एकही दात शिल्लक असायला नको होता, आणि ते समोर बसून भाजलेले शेंगदाणे खात होते.

“तुझा दातवाला बदल,” काउंटरवेट म्हणाला. काउंटरवेट हा त्यांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला जे लोखंडी वजन लटकतं, त्याला काउंटरवेट म्हणतात. याला हे नाव का पडलं, ते तो दारातून आत यायला लागला की कळायचं. “तुला लुटतोय तो.”

दहाव्या आठवड्याचा शनिवार उजाडला. तपासणी सोमवारी होती. मिस्त्रींनी आठवडाभर थेंबाला स्पर्श केला नव्हता, आणि आदल्या रात्रीचे आकडे होते एकशे एकोणचाळीस आणि एकोणनव्वद. म्हणजे काठावर, एका पायावर उभे.

त्याच शनिवारी दुपारी एका सहा मजली इमारतीची नवी लिफ्ट सोपवायची होती. चाचणी झाली, सगळं पास झालं, हत्यारं पेटीत गेली. खाली गाड्या लावायच्या जागेत घडीचं टेबल मांडलं गेलं. कंपनीचे साहेब कागद घेऊन आले. इमारतीच्या अध्यक्ष असलेल्या काकू काठी टेकत आल्या. काकू फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या, गुडघे त्यांच्याही आधी निवृत्त झाले होते, आणि घर सहाव्या मजल्यावर. लिफ्टची वाट त्या दोन वर्षं बघत होत्या. कागदावर सही त्यांचीच लागणार होती.

साहेब कागदांची पानं लावत होते तेवढ्या वेळात बर्फ नीट फुटलाय की नाही ते बघायला काउंटरवेट आणि दोघे फिटर व्हॅनच्या मागे दोनदा जाऊन आले. प्रत्येक वेळी ते जास्त प्रेमळ होऊन परतले. प्रेमाच्या भरात काउंटरवेटने काकूंना पहिल्या ग्लासाचा रिवाज समजावून सांगितला.

“म्हणजे याने ग्लास घेतला की लिफ्ट सुरक्षित?” काकूंनी विचारलं.

“शंभर टक्के, काकू. सरकारी शिक्का एकवेळ खोटा असेल.”

ग्लास भरून मिस्त्रींसमोर ठेवला गेला. सगळे थांबले. मिस्त्रींनी ग्लासाकडे बघितलं आणि तो हाताच्या मागच्या बाजूने टेबलाच्या मध्यावर सरकवला.

“मी नाही घेणार.”

काउंटरवेटचं हसू जिथल्या तिथे थिजलं. “दात?”

“दात ठीक आहे.”

“मग... काय ढिलं राहिलंय?”

“काही नाही.”

साहेबांनी मिस्त्रींना बाजूला ओढलं आणि कानात म्हणाले, “काय राहिलंय ते मला सांग. क्लँप? ब्रेक? मी कुणाला बोलणार नाही.”

“साहेब, लिफ्ट ठणठणीत आहे.”

“मग एक घोट घे ना, बाबा. चमचाभर! म्हातारी बघतेय.”

म्हातारी बघतच होती. तिने पेनाचं टोपण परत लावलं होतं.

एक घोट. मिस्त्रींनी विचार केला. एका घोटाने आकडे हलणार नाहीत. डॉक्टरीणबाईंना कळणार नाही, बायकोच्या यंत्रालाही कळणार नाही. पण सव्वीस वर्षांत त्यांनी एक घोट हा प्रकार कधी पाहिलेलाच नव्हता. तो नेहमी सहकुटुंब यायचा. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक टेबल आलं, टेबलावर फोन, आणि फोनमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेला एक चिडका आवाज. रोज. निवृत्तीपर्यंत.

ते टेबलाजवळ परत आले आणि मोठ्याने म्हणाले, “सोमवारी माझी तपासणी आहे. बीपी. नापास झालो तर शाफ्टमध्ये उतरणं बंद. दहा आठवडे कमी करतोय आणि हा आठवडा पूर्ण बंद आहे. दात सगळे जागेवर आहेत. एकही काढलेला नाही.”

“एकही?” काउंटरवेट दुखावला गेला. “अरे, मी तुझ्या अक्कलदाढेसाठी लवंगा आणल्या होत्या!”

“चहात घातल्या.”

काकूंनी काठी जमिनीवर एकदा आपटली. “म्हणजे मिस्त्री, तुम्ही आपल्या मित्रांना दहा आठवडे खोटं सांगितलंत. आणि आता म्हणता दोर पक्के आहेत. का विश्वास ठेवू मी?”

वर्गात उत्तर न आलेल्या मुलाकडे बघावं तसे सगळे मिस्त्रींकडे बघू लागले. मिस्त्रींना प्रश्न रास्त वाटला.

“माझ्यावर ठेवूच नका, काकू. वजनांवर ठेवा. परत चाचणी घेऊ. तुमच्यासमोर.”

“आत्ता?” साहेब किंचाळले. “वजनं व्हॅनमध्ये भरून झालीत!”

“काढू.”

“कोण काढणार?”

इथे एक गोष्ट सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. ज्याने घेतली आहे त्याने लिफ्टला बोट लावायचं नाही, हा त्यांच्यातला दुसरा नियम, आणि हा कुणीही, काउंटरवेटनेसुद्धा, कधी मोडलेला नव्हता. साहेबांना कार्ड नव्हतं. फिटर दोघेही बर्फ बघून आलेले. शुद्ध माणूस एकच उरला होता.

मिस्त्रींनी बाह्या वर केल्या.

वजनं म्हणजे बिडाचे ठोकळे. एक वीस किलोचा, असे पंचवीस, वर दहा किलोची हत्यारांची पिशवी. सहा माणसांच्या लिफ्टला सव्वापट भार. व्हॅनपासून लिफ्टपर्यंत वीस पावलं आणि सात पायऱ्या. दोन हातांत दोन ठोकळे घेऊन मिस्त्री निघाले. चौथ्या फेरीला शर्ट पाठीला चिकटला. सातव्या फेरीला काउंटरवेटला राहवलं नाही, तो उठून आला.

“एक तरी दे.”

“हात लावू नकोस. वास येतोय.”

“मग मोजतो तरी.”

“लांबून मोज.”

काउंटरवेट लांबून मोजू लागला आणि अकरावर दोनदा आला. काकूंनी त्याला गप्प बसवून मोजणी स्वतःकडे घेतली. तेराव्या फेरीत शेवटचा ठोकळा आणि पिशवी आत गेली. मिस्त्रींचे दंड भरून आले होते; छाती मात्र, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, आपलं काम नेमाने करत होती.

“काकू, फोन चालू ठेवा. मी वर मशीनजवळ जातो. दारावरचा आकडा वाचून सांगायचा. बाकी काही करायचं नाही.”

आणि ते सहा मजले जिन्याने गेले. फोनवर पावलं ऐकू येत होती, पट्-पट्-पट्, कुठे थांबत नव्हती.

“आता वर आली. आता खाली सोडतो. वाचा.”

“सहा... पाच... चार...”

“मोटरची वीज तोडली!”

“तीन,” काकू म्हणाल्या. “तीन. तीनच आहे.”

“नजर हलवू नका. दहा मिनिटं. आकडा हलला तर लिफ्ट घसरली.”

काकूंनी आयुष्यभर परीक्षेत पर्यवेक्षण केलं होतं. त्या आकड्यावर त्यांनी अशी नजर रोखली की हलायची त्याची टाप नव्हती. टेबलाजवळ कुणी ग्लासाला हात लावला नाही. दहा मिनिटांनी आकडा तीनच होता.

मिस्त्री जिन्याने खाली आले, लिफ्ट खाली आणली आणि ठोकळे तेरा फेऱ्यांत व्हॅनमध्ये परत नेले. शेवटच्या फेरीला काउंटरवेटने व्हॅनचं दार धरून ठेवलं; व्हॅन म्हणजे लिफ्ट नव्हे.

काकूंनी सही केली. मग टेबलाच्या मध्यावरचा तो ग्लास उचलला.

“काकू, अहो!” साहेब म्हणाले.

“दोर यांनी बांधले, पण परीक्षा मी घेतली. मी निर्धास्त आहे.” त्यांनी ग्लास रिकामा केला, तोंड जरा वाकडं केलं, लिफ्टमध्ये शिरल्या आणि सहाचं बटण दाबलं.

सोमवारी मिस्त्रींना दंड डोक्याच्या वर नेता येत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली.

“एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव.”

मिस्त्रींनी मान पुढे करून आकडे स्वतः वाचले.

“गेल्या दोन दिवसांत काही जड उचललंत?”

“एक टन.”

“काय?”

“अर्धा आत नेला, अर्धा बाहेर आणला.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं आणि खिडकी उघडली. परत मोजलं. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. परत एकदा. एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी. “आता शिडी,” त्या म्हणाल्या.

दहा किलोची पिशवी त्या दिवशी पंचवीसची वाटली. पहिल्या मजल्यावर दंडांनी तक्रार केली. दुसऱ्याच्या आधी बोटं उघडायला लागली, आणि थांबावं असं प्रत्येक स्नायू एकमुखाने म्हणाला. मिस्त्रींनी ते ऐकलं आणि पुढची कांब धरली. मग तिच्या पुढची. वर हात टेकवून खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंनी नाडी मोजली आणि कार्डावर शिक्का मारला.

“सहा महिन्यांचं देते. वर्षाचं नाही.”

“का?”

“माणूस दहा आठवडे कुणीही सुधारतो. सहा महिन्यांत लिफ्ट किती सोपवणार तुम्ही?”

मिस्त्रींनी मनात मोजलं. “पाच.”

“मग पाच वेळा नको म्हणायचंय.”

“म्हणेन,” मिस्त्री म्हणाले. “आता सगळ्यांना कारण माहीत आहे. दाताचा बहाणा चालणार नाही, त्यामुळे उलट अवघड आहे. पण म्हणेन.”

तिथून ते सरळ नव्या साइटवर गेले. नऊ मजल्यांचा रिकामा शाफ्ट, भिंतींना अजून सिमेंटचा ओला वास. खाली साहेब आणि काउंटरवेट नकाशा उलटा धरून वाद घालत होते.

“दोराचं माप घ्यायला वर कोण जाणार?” साहेबांनी मान वर न करता विचारलं.

उत्तर वरून आलं. मिस्त्री दुसऱ्या मजल्यावर होते.