सहा लुगड्यांची वाकळ

ऋतुजाचा सकाळपासूनचा तिसरा फोन आला तेव्हा चन्नम्मानं सुई वाकळीत खोचली आणि कपाळावर आठ्या घालून मोबाइल कानाला लावला.

"मावशी, झाली का वाकळ?"

"सकाळी झाली नव्हती, दुपारी झाली नव्हती, आता कशी हुईल? टाकं काय आपोआप पडत्यात व्हय?"

ऋतुजा सात रस्त्याजवळच्या एका बँकेत नोकरीला होती. तिची आई, तानाबाई, दिवाळीआधी वारली. मागं सहा सुती लुगडी राहिली. त्यांची वाकळ शिवून द्या म्हणून ती पिशवी घेऊन अक्कलकोट रोडला चन्नम्माच्या दोन खोल्यांत आली, आणि तेव्हापासून तिच्या सूचना काही संपेनात. हिरवं मधे घ्या. नको, कडेला घ्या. फोटो पाठवा. कालचा कहर म्हणजे, "टाके जरा सरळ येतील का?"

"चाळीस वर्सं वाकळा शिवतीया मी!" चन्नम्मा सुनेवर करवादली. "आता पट्टी घिऊन बसू काय?" चंद्रिका भाकरी थापता थापता नुसती हसली. त्यानं चन्नम्मा आणखी तापली.

त्याच आठवड्यात ती बहिणीच्या नातवाच्या बारशाला दोन दिवस अक्कलकोटला गेली. परत आली तर वाकळ पुरी शिवून, घडी घालून खाटेवर ठेवलेली. शेजारी तिचा मुलगा शरणप्पा हसत उभा. तो एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता.

"अव्वा, कारखान्यातल्या शिलाई मशीनवर घातली. अर्ध्या तासात काम! तुजं डोळं दुखत्यात, त्या बाईचं फोन थांबंनात, मग म्हटलं..."

चन्नम्मानं वाकळ उलगडून दारातल्या उजेडात धरली. टाके एकदम सरळ. आणि त्या सरळ रेघेवरच हिरवं लुगडं वीतभर उललेलं.

"फाडलंस की रं!"

"जुनं कापड हाय अव्वा. मशीन काय करणार त्याला?"

"जुनं हाय म्हणूनच हातानं शिवायचं असतंय! कुटं विरलंय ते बोटाला कळतंय. तुज्या मशीनला कळतंय व्हय?"

चन्नम्मानं वाकळ खाटेवर पसरली. मग मशीनचे टाके उसवायला बसली. सुट्टीच्या दिवशी शरणप्पाही समोर येऊन बसला. पहिलाच दोरा त्यानं हिसका देऊन ओढला.

"ओढू नगं! आदी बोटानं बघ."

संध्याकाळपर्यंत त्याची एक ओळ उसवून झाली. "एवढ्या वेळात माज्या मागावर टावेलांचा ढीग पडतोय," तो पुटपुटला.

"मग जा की तिकडं."

तो गेला नाही. दुसरी ओळ धरली.

पुढचा फोन आला तेव्हा चन्नम्मानं आडपडदा ठेवला नाही. "फाटली. माज्या पोरानं मशीनवर घातली. येऊन बघ."

ऋतुजा बँकेतून तशीच आली. ही आता तोंडाचा पट्टा सोडणार, म्हणून चन्नम्मा तयारीत होती. पण तिनं त्या फाटक्या जागेवर हात ठेवला आणि ती रडायलाच लागली.

"रडून टाकं पडत न्हाईत, पोरी," चन्नम्मा वैतागून म्हणाली. पण जरा वेळानं तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मग लुगड्यावरून बोटं फिरवत विचारलं, "तुजी आई उजव्या अंगावर रेलून बसायची काय गं?"

ऋतुजा बघतच राहिली. "हो. गुडघा दुखायचा डावा. तुम्हाला कसं माहीत?"

"ह्या अंगाला जास्त विरलंय. कापड सांगतंय की. आता ठिगळ लावाया लागंल. तिचं आनि काय हाय का?"

काहीच नव्हतं, बाकीचं सगळं वाटून टाकलेलं. ऋतुजानं गळ्यातली पिवळी ओढणी काढली. "ही चालेल? आईला आवडायची नाही. भडक आहे म्हणायची."

"भडकच हाय," चन्नम्मा म्हणाली आणि कात्री घेतली.

मग ऋतुजा रोज बँक सुटली की येऊन बसू लागली. सुईत दोरा ओवायची आणि अखंड बोलायची. आईचा गुडघा, आईचा चहा, आईची भांडणं. चन्नम्माचं डोकं उठायचं. पण उशीर झाला की तिची नजर दाराकडं जायची, आणि त्याचाही तिला राग यायचा.

शेवटचा कोपरा शिवताना चन्नम्मानं भाकरीचा वाळका तुकडा आत सारला. "आमच्यात वाकळ उपाशी ठेवत न्हाईत."

"मुंग्या लागतील ना, मावशी?"

चन्नम्मानं कपाळाला हात लावला. "लागू देत! त्यास्नीबी पोट हाय." टाके घालून तिनं दोरा दातांनी तोडला आणि वाकळ ऋतुजाच्या मांडीवर ढकलली. "घे. आनि आज तरी येळंवर घरी जाऊन झोप."

ऋतुजा वाकळ कवटाळून बसली होती. उठायचं नावच घेईना. शेवटी चन्नम्मानं आत हाक मारली, "चंद्रिका, आनि एक ताट वाढ गं. ही काय जायाची न्हाई."