चिंचेपासून उजवीकडे

माझ्या सासूला सोशिक म्हणणाऱ्याची जीभ झडो. पापाची कबुली देताना हे मी सामींना, आमच्या चर्चच्या पाद्रींना, सांगेन, ते देतील ती शिक्षाही भोगेन. पण शब्द मागे घेणार नाही.

सोशिक म्हणाला तो इन्नासी. देवळाच्या कमिटीतला मोठा माणूस, तांदळाच्या गिरणीचा मालक. माझा नवरा सूसै त्याच गिरणीत पोती उचलतो. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई अडैक्कलमेरी, हातात जपमाळ गुंडाळून शेवटच्या निजल्या होत्या आणि हा उंबऱ्याला पाय लागू न देता अंगणातूनच बोलला, “फार सोशिक बाई. कधी मान वर केली नाही. आता तिच्यापायी तंटा नको. नेहमीच्या वाटेनं, बांधावरून न्या.”

“बरं, मालक,” सूसै म्हणाला.

नेहमीची वाट म्हणजे आमच्या जातीची वाट. त्यांचं माणूस मेलं की मोठ्या रस्त्यानं, देवळासमोरून वाजतगाजत जातं. आमचं शेताच्या बांधावरून, चिखल तुडवत, कबरस्थानाच्या मागच्या फाटकानं. बाप्तिस्म्याचं पाणी एक, जायच्या वाटा दोन. सामींना हे ठाऊक आहे. भला माणूस, पण भल्या माणसांचा त्रास हाच की ते सगळ्यांशीच भले असतात.

मान वर केली नाही म्हणे! दर जत्रेला मातेचा रथ मोठ्या रस्त्यानं येतो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चिंचेपाशी, पाठ फिरवतो. आत कधी आला नाही. तरी त्या दिवशी आत्याबाई पहाटे उठून अख्खी गल्ली झाडायच्या, सडा घालायच्या, दारापासून चिंचेपर्यंत रांगोळी काढायच्या. मी नवी सून होते तेव्हा म्हटलं, “आत्याबाई, येत नाही ती. कशाला कंबर मोडून घेता?”

“येत नाही की येऊ देत नाहीत?” त्या म्हणाल्या. “सासरचे बाहेर सोडत नाहीत बिचारीला. तिनं लांबून बघितलं तर दार झाडलेलं दिसायला नको?”

एका वर्षी तर दिवा घेऊन थेट रथासमोर उभ्या राहिल्या. “आई, मी तुझ्यावर रुसले नाही गं,” खणखणीत आवाजात म्हणाल्या, “तुझे हमालच आडमुठे आहेत!” रथाचा दोर तेव्हा इन्नासीच्या हातात होता. आमची गल्ली आठवडाभर हसत होती.

नवरा गेल्यावर त्यांनी मजुरी करून सूसैला वाढवला, मग आमच्या रोसलिनला. संध्याकाळची जपमाळ झाल्याशिवाय ताटात भात पडायचा नाही. भुकेली रोसलिन शेवटचे मणी भराभरा उरकायची. आजी म्हणायची, “पुन्हा म्हण. माता बहिरी नाही, पण तुझी आगगाडी तिलासुद्धा पकडता येत नाही.”

ती रोसलिन आता नर्सिंग शिकते. सकाळच्या बसनं आली, आजीच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडली आणि उठून म्हणाली, “आई, आजीचा झाडू कुठंय?”

तिनं गल्ली झाडली. मग रांगोळीचा डबा घेतला. शेजारची म्हातारी ओरडली, “अगं, मयताच्या दिवशी रांगोळी घालत नाहीत!”

“आज घालतात,” रोसलिन म्हणाली. बघता बघता चार बायका तिच्याबरोबर वाकल्या.

मी देवळीतली आमची मातेची मूर्ती काढली. नाकाचा टवका उडालेली, पण आत्याबाईंची. लेकरासारखी कडेवर घेतली आणि सगळ्यांच्या पुढे निघाले. आमच्यात बायका कबरस्थानात जात नाहीत. त्या दिवशी ते कुणाला आठवलंच नाही.

चिंचेपाशी खाट थांबली. डावीकडे बांध, उजवीकडे मोठा रस्ता. पुढचा खांदा सूसैचा. 

“अहो,” मी म्हटलं, “आई तुमची आहे. कुठं वळायचं, तुम्ही सांगा.”

तो उजवीकडे वळला.

इन्नासी माणसं घेऊन आडवा आला. “सूसै! उद्यापासून गिरणीत पाऊल टाकायचं नाही!”

“बरं, मालक,” सूसै म्हणाला आणि चालत राहिला. त्या क्षणी मला तो इतका आवडला की काय सांगू.

“प्रेत या रस्त्यानं जाणार नाही!”

“प्रेत मागून येतंय,” मी म्हटलं. “पुढं माता आहे. अडवताय? अडवा.”

आमच्या गावात माता समोर आली की भांडण चाललं असलं तरी माणूस खांद्यावरचा पंचा काढून बाजूला होतो. हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ओसरीवरची एक म्हातारी उठली, तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. मग इन्नासीच्या मागचा एक पंचा उतरला. मग दुसरा. इन्नासीनं मागं वळून पाहिलं. त्यानं पंचा काढला नाही. पण बाजूला झाला, खाट जाईल इतका.

देवळासमोर आम्ही खाट टेकवली. रोसलिननं जपमाळ सुरू केली, एकेक शब्द सावकाश, आगगाडी न करता. ती संपेपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो. सामी बाहेर आले आणि आमच्यात उभे राहिले.

सूसै आता शेजारच्या गावी वीटभट्टीवर जातो. दमतो. पश्चात्ताप नाही.

या जत्रेला मी पहाटे उठले, आत्याबाईंसारखीच दारापासून रांगोळी काढत गेले. चिंचेपाशी थांबले नाही. उजवीकडे वळून देवळाच्या दारापर्यंत वाट काढून ठेवली, म्हणजे मातेला यायचं असेल तर चुकायला नको.

इन्नासी ओसरीवर दात घासत होता. “कुणाला विचारून?” त्यानं दरडावलं.

“आत्याबाईंना,” मी म्हटलं आणि पुढची रेघ ओढली.