एकही गाठ नाही

आठवडाभर फोन वाजतोय आणि जो तो एकच रडगाणं गातोय. "डॉक्टरबाई, लस टोचली तिथे गाठ आली. गाय वैरणीला तोंड लावत नाही. तुम्ही औषध दिलंत की रोग?" मीही तेच ते सांगते. ही लस जिवंत असते, तिच्यात त्याच रोगाचा मवाळ केलेला विषाणू असतो, तेव्हा थोडी सूज यायचीच, उतरेल. सांगून सांगून तोंडाला फेस आलाय. नदीपलीकडे अंगभर गाठी उठून गुरं मरतायत आणि इथले लोक माझ्यावरच डाफरतायत.

आमचे हे मात्र खुशीत. निवृत्त झाल्यापासून घरातलं झुरळसुद्धा ह्यांना विचारून चालतं. साबणही धुऊन ठेवणारा माणूस! जेवता जेवता म्हणाले, "धाकट्याच्या आळीतून आला का एक तरी फोन? नाही ना? त्यांना टोचायच्या सिरिंज आदल्या रात्री मी धुतल्या होत्या. तू खुर्चीतच झोपलीस, म्हटलं कशाला उठवा."

खरंच, दिराच्या आळीत एकाही गुराला गाठ नव्हती.

"कशाने धुतल्यात?"

"फरशीच्या जंतुनाशकाने. दोनदा. एक जंतू शिल्लक ठेवला नाही."

जंतुनाशकाचा अंश जरी सिरिंजमध्ये राहिला तरी जिवंत लस मरते. म्हणून मी त्या नुसत्या पाण्यात उकळते. ह्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं. "अहो, त्या सगळ्या गुरांना आपण नुसतं पाणी टोचलंय," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना.

बर्फाच्या पेटीत नवी लस घेऊन निघालो. दिराचं सगळं घर त्या गाईंवर चालतं. वाटभर ह्यांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दीर गोठ्यातच भेटला. "बरं झालं आलात, वहिनी! सगळ्यांच्या गुरांना गाठी आणि आमचीच कोरी, म्हणून जिवाला घोर लागला होता. आज थोरल्या गाईला आली बघा. लागली एकदाची लस!"

हे मटकन कट्ट्यावर बसले. "आली? अगं, आली म्हणतोय तो!" त्यांचे डोळे भरून आले.

मी थोरलीच्या मानेवरून हात फिरवला. टोचलं होतं तिथे काहीच नव्हतं. गाठ मागच्या मांडीवर होती, दुसरी कासेजवळ. अंग चांगलंच तापलं होतं.

"भाऊजी, आधी बाकीच्या हिच्यापासून लांब बांधा."

"का? लसीचीच आहे ना, वहिनी?"

मी कासेजवळच्या गाठीवर बोट ठेवलं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग कट्ट्याला हात टेकून उठले.

"तिला नको विचारूस," ते भावाला म्हणाले. "मला विचार."