माझ्या पोटातली निळी गाठ

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. माझ्याकडून शांत स्वभावाची अपेक्षा ठेवू नका. मिनिटाला हजारो स्फोट पोटात घेऊन मी बावीस वर्षे मोटार ओढली. गॅरेजचे म्हातारे मालक, म्हणजे बाबा, माझ्यावर पोटच्या पोरासारखी माया करत. त्यांची दोन्ही मुले, दादा आणि ताई, माझ्यावरच काम शिकली.

पुढे बाबांची छाती बिघडली. दर आठवड्याला घाट चढून त्यांना इस्पितळात न्यावे लागे. नेमके तेव्हाच माझ्यातून तेल गळू लागले. दोघांनी मला खोलले. सांध्यातली गळती रोखणारे जुने गॅस्केट पात्याने खरवडताना मला जीव नकोसा झाला, पण ते करणे भागच होते. माझ्या डोक्याचे, म्हणजे हेडचे, नवे गॅस्केट ताईने काही न लावता कोरडेच बसवले. तळाचे तेलाचे चेंबर मात्र दादाने घेतले, आणि कडेला सांधा बुजवणाऱ्या निळ्या सिलिकॉनचा बोटभर जाड थर थापला.

"अरे, भिंत लिंपतोयस का?" ताई ओरडली. "ट्यूबवर वाच जरा. बारीक रेघ ओढायची. जास्तीचं आत जातं आणि तेलाची जाळी तुंबते."

"हात आखडता घेऊ नकोस, असं बाबाच सांगायचे. परत गळलं तर त्यांना न्यायचं कसं?"

"त्यांच्या वेळी कॉर्क आणि लाख होती, ती जाडच लावावी लागे. हे वेगळं आहे!"

ती थर पुसायला धावली. दादाने तिला ढकलले. टेबलाची कड लागून तिचा ओठ फुटला. तिने हातातला पाना फेकला, तो दिव्यावर बसला आणि काचा माझ्या अंगावर पडल्या. दादाने त्याच रागात बोल्ट आवळले.

चौथ्या दिवशी आम्ही बाबांना घेऊन घाटात होतो. आत दाबले गेलेले सिलिकॉन तुटले आणि मी तेल ओढतो त्या जाळीवर जाऊन बसले. माझा घसा कोरडा पडला. लोखंड लोखंडाला खाऊ लागले. तेलाचा लाल दिवा लागला, तरी दादा थांबला नाही. मग माझ्या पिस्टनचा एक रॉड तुटला आणि माझीच कूस फोडून बाहेर आला. उकळते तेल तापलेल्या सायलेन्सरवर सांडले आणि भडका उडाला. दादाने काच फोडून बाबांना ओढून काढले. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तीन आठवड्यांनी बाबा काठी टेकत गॅरेजात आले. ताईने माझ्या जाळीतली निळी गाठ काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"कोणी केलं हे?"

"मी," दादा म्हणाला.

काठी त्याच्या खांद्यावर बसली. पुन्हा बसली. "असलं काम कोणी शिकवलं रे तुला?"

दादाने खाली मान घातली. तिसऱ्यांदा उगारलेली काठी ताईने धरली.

"बाबा, तुम्ही."

काठी हातून सुटली. बाबा तेलकट फरशीवर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागले. दादाने त्यांच्या गालासमोर आपला बँडेज बांधलेला हात धरला. पुढची थप्पड त्या बँडेजवर बसली. दादा कळवळून ओरडला, तेव्हा कुठे बाबा थांबले.

मित्रांनो, इंजिन जोडताना सिलिकॉन बेताने लावा, आणि शेजारचे माणूस ओरडत असेल तर क्षणभर थांबा. मी उद्या भंगारात जाईन. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण दादाची बोटे पुन्हा वळतील की नाही, हे मला कुणी सांगायला येणार नाही.