मनोऱ्याची काच

जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत चौदा नावं होती. दगडी पूल, जुनं कोर्ट, पडका किल्ला, आणि सातव्या नंबरावर घड्याळाचा मनोरा. चावीमामांना विचाराल तर यादीत खरं नाव एकच, बाकीची तेरा उगीच गर्दी! एकतीस वर्षं हा माणूस दर आठवड्याला एकशे बारा पायऱ्या चढून घड्याळाला चावी देत होता. मामांचं स्वतःचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. तबकडीची काच फुटली तर नवी कापून बसवायची, कबुतरं हाकलायची, पायऱ्या झाडायच्या, हे सगळं तेच करत. स्वतःच्या घराचं छप्पर गळायचं, पण मनोऱ्यात पाण्याचा एक थेंब शिरला तर मामांना झोप यायची नाही.

उत्तरेकडच्या भिंतीला भेग पडली, तेव्हा या इमारतींची देखरेख करणाऱ्या इंजिनियर बाई आल्या. भेगेवर त्यांनी बोटभर रुंदीच्या तीन काचपट्ट्या आडव्या बसवल्या, दोन्ही टोकं गिलाव्यात पक्की केली आणि ओल्या गिलाव्यावर खिळ्यानं तारीख कोरली.

"भिंत जरा जरी सरकली, मामा, तरी काच तडकणार," त्या म्हणाल्या. "तडकली की त्याच दिवशी मला कळवायचं. हात लावायचा नाही."

"आणि मग?"

"मग पाडावाच लागेल. माणसं मारायची का?"

पाडणं म्हणजे काय, ते मामांनी पाहिलं होतं. यादीतल्या नवव्या नंबरचं जुनं धान्याचं कोठार असंच काच तडकल्यावर चार दिवसांत भुईसपाट झालं. आता तिथं ट्रक उभे राहतात.

दोन वर्षं काचा टिकल्या. मग बाईंच्या तपासणीला आठ दिवस उरले असताना मामा वर गेले, तर मधली काच बरोबर मधोमध तडकलेली. "मेली कबुतरं!" ते मोठ्यानं म्हणाले. कबुतर काच अशी सरळ चिरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मांजर डोळे मिटूनच दूध पितं.

घरात तेवढी पातळ काच एकाच ठिकाणी होती. भिंतीवरच्या फोटोला. मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ मनोऱ्याच्या पायरीवर खांद्याला खांदा लावून उभे, असा तो फोटो. मामांनी फ्रेम उघडली, काच काढून पट्टी कापली आणि फोटो तसाच परत टांगला. वर जाऊन पट्टी बसवली, जुनीच तारीख कोरली, वरून धूळ चोळली. काम इतकं बेमालूम झालं की क्षणभर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. लाज नंतर वाटली.

बाई आल्या. भिंग लावून तिन्ही काचा पाहिल्या आणि चक्क हसल्या. "केसभर हललेली नाही! मामा, वाचला तुमचा मनोरा. आता पाडायचा नाही, दुरुस्त करायचा."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून होतंय न होतंय तोच बाई पुढे म्हणाल्या, "परांची बांधू, उत्तरेचे झिजलेले दगड काढून नवे बसवू. तुमचा भाऊच करेल ना? त्याच्यासारखा दगडाचा गवंडी जिल्ह्यात नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मामांनी मान डोलावली.

धाकटा शेजारच्याच खोलीत राहायचा. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो हत्यारं पुसत म्हणाला, "दादा, काचा काय म्हणतायत तुझ्या?"

"शाबूत आहेत."

"मग झालं. बाईंच्या भिंगापेक्षा तुझा डोळा बरा." आणि डोळा मिचकावून तो पुढे म्हणाला, "पडलोच तर तुझ्याच अंगावर पडेन म्हणा!"

मामाही हसले. हसायलाच हवं होतं तिथं, काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा वर गेले, तर नवी काचही तडकलेली होती. या वेळी त्यांनी कबुतरांचं नाव घेतलं नाही. धावत खिडकीशी गेले. खाली परांचीवर धाकटा एकटाच पहारीनं दगड सैल करत होता.

"अरे!" मामांनी हाक मारली.

त्यानं वर पाहिलं. तोंडभर धूळ, त्यात दात तेवढे पांढरे. "काय दादा? घड्याळ मागं पडलं का?"

सांगितलं तर मनोरा जाणार. शिवाय पहिली काच कुणी बदलली, तेही निघणार. दुपारी जेवताना नीट सांगू, मामांनी ठरवलं. दोन तासांनी काय आभाळ कोसळणार आहे?

"काही नाही," ते म्हणाले. "जेवायला वेळेवर उतर."

भिंत साडेअकराला गेली. धाकट्याला दगडांखालून काढायला संध्याकाळ झाली.

इंजिनियर बाई मामांच्या घराच्या पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. "माझाच अंदाज चुकला. काचा शाबूत होत्या हो, मी स्वतः पाहिल्या. कशा काय चुकल्या?" वरून त्यांच्या निलंबनाचा कागद आला, तरी त्या तेच विचारत राहिल्या. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. मनोऱ्याच्या उरलेल्या भिंतीही चार दिवसांत उतरवल्या गेल्या.

सहाव्या दिवशी भावजय खोलीत आली. धाकट्याचा एकट्याचा असा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. तिनं भिंतीवरची फ्रेम उतरवली, पदरानं पुसायला गेली आणि थांबली. बोट थेट कागदावर टेकलं होतं.

"भाऊजी, याची काच कुठं गेली?"

फुटली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सहा दिवसांत मामांच्यात खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

"मनोऱ्याला लावली," ते म्हणाले. "तिथली तडकली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कबुतरं, कोरलेली तारीख, चोळलेली धूळ, खिडकीतून मारलेली हाक. ती उभ्यानंच ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. त्यापेक्षा तिनं कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी ते जायला तयार नव्हते," ती शेवटी म्हणाली. "भिंतीतून कुरकुर ऐकू येते म्हणत होते. मीच पाठवलं. म्हटलं, वर भाऊजी आहेत ना, काही असतं तर ते सांगणार नाहीत का?"

फ्रेम तिनं छातीशी धरली आणि ती आपल्या खोलीत निघून गेली. आतून कडी लागल्याचा आवाज मामांनी ऐकला.